चार नंबरचा नोड खोटं बोलत नव्हता

 

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की तू शेतात जे सेन्सर लावले होतेस, त्यांचं पुढे काय झालं? तर आज तेच सांगतो. विषयाचं नाव जरा जड आहे: वायरलेस सेन्सर नेटवर्कमधलं भरोशावर चालणारं सुरक्षित राउटिंग. घाबरू नका. यातला अर्धा भाग तुम्हाला गावात राहून आधीच माहीत आहे. आणि यात मी एक चूक केली, जी कोडमध्ये होती आणि माझ्यातही होती. तीही सांगणार आहे.

आधी जागा सांगतो. आमचं गाव वाशिम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यात. जिल्ह्यात मुख्य पीक सोयाबीन आणि तूर, पण आमच्या वावरात थोडी संत्र्याची बाग आहे. संत्र्याला आंबिया बहार धरायचा असेल तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडावं लागतं. याला ताण देणं म्हणतात. झाड मलूल होतं, विश्रांती घेतं, आणि मग पाणी सोडलं की फुलं येतात. ताण मध्येच तुटला, म्हणजे कुणी चुकून पाणी सोडलं, तर फुलांऐवजी नुसती पालवी फुटते. मग त्या ओळीचा बहार गेला.

मी पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी करतो. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात घरूनच काम करत होतो, आणि बीटेकच्या शेवटच्या वर्षाचा अर्धवट राहिलेला प्रोजेक्ट डोक्यात होता. म्हटलं, बागेतच लावून बघू. ११ नोड तयार केले. नोड म्हणजे काय? एक छोटा डबा. त्यात मातीची ओल मोजणारा सेन्सर, एक छोटा प्रोसेसर, एक स्वस्त रेडिओ, बॅटरी आणि वर हाताएवढं सोलर पॅनल. बांबूला बांधून ओळीओळीत उभे केले. विहिरीवरच्या खोलीत गेटवे ठेवला, तिथून मोबाईलच्या नेटवर्कने आकडे माझ्या फोनवर.

निरोप पोहोचवणारी माणसं

आता प्रश्न असा की नाल्याकाठच्या आठ नंबरच्या नोडचा रेडिओ विहिरीपर्यंत पोहोचतच नव्हता. अशा नोडमध्ये सगळ्यात जास्त बॅटरी खातो तो रेडिओ. जोरात ओरडायचं तर बॅटरी संपते. म्हणून आठ नंबर आपलं पॅकेट शेजारच्या चार नंबरला देतो, चार दोनला, आणि दोन गेटवेला. एकमेकांच्या हाती निरोप देत जाणं. निरोप कुणाच्या हाती द्यायचा हे ठरवणं म्हणजे राउटिंग.

एक गोष्ट इथे स्पष्ट करतो. सरकारचं महावेध आहे ना, स्कायमेटसोबतचं, महसूल मंडळात लावलेली स्वयंचलित हवामान केंद्रं? ती वेगळी. तिथलं केंद्र आपला आकडा मोबाईल नेटवर्कवरून थेट पाठवतं, मध्ये दुसऱ्याच्या हाती निरोप नाही. पण आकडा खरा असण्याचं महत्त्व तिथेही तेवढंच आहे. संत्र्यासाठी हवामानावर आधारित फळपीक विमा असतो, त्यात नुकसानभरपाई हवामानाच्या आकड्यांवरून ठरते. पावसाचा किंवा तापमानाचा आकडा चुकला तर शेतकऱ्याच्या खात्यातले पैसे चुकतात. म्हणून हा विषय नुसता प्रयोगशाळेचा नाही.

निरोप हातोहात देणारी नेटवर्क्स महाराष्ट्रात आधीही लागली आहेत. आयआयटी मुंबईच्या प्रा. उदय देसाई यांच्या गटाने ॲग्रिसेन्स नावाने नाशिकच्या सुला वाइनयार्ड्समध्ये सेन्सर लावले होते. तेव्हा स्मार्टफोन आजच्यासारखे घरोघरी नव्हते.

कुलूप असून चोरी

आता तुम्ही म्हणाल, सुरक्षा पाहिजे तर एन्क्रिप्शन लाव, झालं. लावलंच होतं. एईएस १२८ बिट. बाहेरच्या माणसाला पॅकेट वाचता येणार नाही, बदलता येणार नाही.

पण आपल्याकडे विहिरीवरची मोटारीची केबल रात्रीत गायब होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माझे नोड तर उघड्यावर, बांबूला बांधलेले. कुणी एक उचलून नेला, उघडला, त्यातली चावी काढली आणि आपला प्रोग्राम टाकून परत तिथेच बांधला तर? आता तो घरातला माणूस झाला. त्याच्याकडे खरी चावी आहे, त्याची सही खरी आहे, आणि तो निरोप मध्येच गिळतोय. कुलूप बाहेरच्या चोरासाठी असतं. आतल्याचं काय?

२००३ मध्ये ख्रिस कार्लोफ आणि डेव्हिड वॅग्नर या दोघांनी एक पेपर लिहिला. त्यात त्यांनी दाखवलं की तोपर्यंतचे सेन्सर नेटवर्कचे राउटिंग प्रोटोकॉल बनवताना सुरक्षेचा विचारच झालेला नव्हता. त्यांनी हल्ल्यांची यादी दिली. त्यातले तीन सांगतो.

पहिला, निवडक गाळणी. नोड दहा पॅकेट घेतो, आठ पुढे देतो, दोन गिळतो. सगळी गिळली तर लगेच पकडला जाईल, म्हणून थोडी थोडी.

दुसरा, सिंकहोल. नोड सगळ्यांना सांगतो की मी गेटवेच्या अगदी जवळ आहे, माझ्याकडे द्या. सगळे त्याच्याकडे देतात. लग्नात एखादा म्हणतो ना, आहेराची पाकिटं माझ्याकडे द्या, मी नवरदेवाचा खास माणूस. तसं.

तिसरा, सिबिल. एकच नोड पाच नावांनी वावरतो. मतदान घेतलं तर पाच मतं त्याचीच.

या तिघांकडेही चावी खरी असू शकते. म्हणून चावीसोबत वागणूक बघावी लागते. भरोशावर चालणारं राउटिंग म्हणजे एवढंच: नोड स्वतःबद्दल काय सांगतो ते बाजूला ठेवायचं, आणि दुसऱ्याच्या निरोपाचं तो काय करतो त्यावरून त्याला मार्क द्यायचे.

मार्क कसे देतात

२००० साली स्टॅनफर्डच्या मार्टी, जुली, लाय आणि बेकर यांनी वॉचडॉग नावाची युक्ती मांडली. रेडिओ हवेत असतो, सगळ्यांना ऐकू येतो. आठ नंबरने चारला पॅकेट दिलं की आठ कान देऊन ऐकतो: चारने ते पुढे पाठवलं का? ऐकू आलं तर चांगला शेरा, नाही आलं तर वाईट.

या शेऱ्यांतून आकडा काढायचं एक सोपं सूत्र आहे. चांगले अधिक एक, भागिले एकूण अधिक दोन. नवीन नोड, काहीच माहीत नाही: एक भागिले दोन, म्हणजे ०.५. ना भरोसा, ना संशय. आठ वेळा चांगला वागला, एकदाही वाईट नाही: नऊ भागिले दहा, ०.९. तीनदा चांगला, नऊदा वाईट: चार भागिले चौदा, साधारण ०.२९. यामागे बीटा डिस्ट्रिब्युशन आहे, आणि २००४ मध्ये गणेरीवाल आणि श्रीवास्तव यांनी सेन्सर नेटवर्कसाठी त्यावरच एक पद्धत उभी केली.

त्यांच्या पद्धतीतली एक गोष्ट मला फार आवडते. नोड एकमेकांना विचारू शकतात, की हा शेजारी कसा आहे? पण यात धोका आहे. एखादा वाईट नोड चांगल्याची बदनामी करत फिरेल. म्हणून त्यांनी नियम केला की दुसऱ्याबद्दल फक्त चांगली माहिती पुढे द्यायची. वाईट अनुभव ज्याचा त्याने स्वतः घ्यायचा. गावातल्या पारावर हा नियम लावला तर अर्धा पार रिकामा होईल.

मी काय केलं? वॉचडॉग लावला, हे सूत्र लावलं, जुन्या शेऱ्यांचं वजन हळूहळू कमी होईल अशी सोय केली. ज्याचा भरोसा ०.४ च्या खाली जाईल, त्याच्याकडून निरोप पाठवायचा नाही. आणि एक ओळ मी स्वतःच्या हुशारीने टाकली: अशा नोडचे आकडे फोनच्या स्क्रीनवर दाखवायचेही नाहीत. खोटारड्याचं कशाला ऐकायचं?

ही ओळ लक्षात ठेवा.

डिसेंबरमधली ती सकाळ

डिसेंबरच्या मध्यात, बागेला ताण सुरू असताना, मी एक अपडेट टाकला. बॅटरी वाचवायला. पुढचा नोड जवळ असेल तर रेडिओची ताकद कमी करायची. चार आणि दोन अगदी जवळ आहेत, म्हणून चार हळू आवाजात बोलायला लागला.

दोन-तीन दिवसांत चारचा भरोसा ०.९ वरून ०.३ च्या खाली. मी खुश. म्हटलं, बघा, सिस्टीमने खराब नोड पकडला. आठचे निरोप आता सात नंबरमार्गे यायला लागले. सातचा भरोसा एकदम वर, एकही पॅकेट गिळत नाही.

आणि त्याच सातची ओल रोज वाढत होती. ताणाच्या दिवसात. म्हणजे त्या ओळींना कुणीतरी पाणी देतंय.

आमच्याकडे एक गडी आहेत, बारा वर्षांपासून. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. ड्रिपचे वॉल उघडणं-बंद करणं त्यांच्याकडेच. सकाळी गोठ्यासमोर शेजारचे दोघं-तिघं चहाला बसलेले, त्यांच्यासमोर मी मोबाईल काढला आणि म्हटलं, "मामा, नाल्याकडचा वॉल उघडा राहिला का? इथे तर रोज पाणी जातंय."

मामा म्हणाले, "म्या वॉलले हातबी नाही लावला, भाऊ."

मी म्हटलं, "पण मशीन सांगते ना."

ऐकणाऱ्यांपैकी जे खेड्यातले आहेत त्यांना कळेल मी काय केलं. गड्याचं साल पाडव्याला ठरतं. चारचौघांत "याने पाणी सोडलं आणि नाही म्हणतोय" असं झालं, तर ते बागेपुरतं राहत नाही. पुढच्या पाडव्याला दुसऱ्या कुणाकडे जावं लागलं तरी ते वाक्य त्या माणसाच्या आधी तिथे पोहोचतं.

बाबा आतून बाहेर आले. त्यांनी मला विचारलं, "तुह्या मशीनले किती दिस झाले?"

"दोन महिने."

"अन् मामाले?"

मी गप्प.

"मातीत हात घालून पाह्यलं का तुनं?"

नव्हतं पाहिलं. आम्ही सगळे बागेत गेलो. मामांनी सात नंबरच्या बांबूजवळ कुदळीने हातभर खणलं. माती काढून मुठीत दाबली. गोळा झालाच नाही, भुसभुशीत होऊन बोटांतून पडली. कोरडी. त्या सेन्सरची वरची कड मी नीट सील केली नव्हती. पहाटेचं दव आत सर्किटपर्यंत गेलं होतं आणि तो ओलीचा भलताच आकडा देत होता.

रात्री मी गेटवेवरचा कच्चा लॉग उघडला. दोन गोष्टी दिसल्या आणि झोप उडाली.

एक. चार नंबरने आठची पॅकेटं गिळलीच नव्हती. त्याला बाजूला काढेपर्यंत आठचे निरोप चारमार्गेच गेटवेला पोहोचत होते. चार फक्त हळू बोलत होता, आणि लांबच्या आठला ते ऐकू येत नव्हतं. आठने शेरा मारला: काम करत नाही. गंमत म्हणजे, २००० च्या त्या वॉचडॉगच्या पेपरमध्येच ही मर्यादा लिहून ठेवली आहे. पाठवण्याची ताकद कमी केली तर वॉचडॉग फसतो. दोन पॅकेटं हवेत एकमेकांवर आदळली तरी फसतो. मी पेपर वाचला होता. कोड लिहिताना विसरलो.

दोन. चार आणि सात एकाच वॉलवर आहेत. मामांनी वॉल उघडला असता तर चारच्या जागेवरही ओल वाढली असती. चार रोज सांगत होता की माती कोरडी आहे. मामांची साक्ष देणारा एकच नोड होता, आणि त्याचं म्हणणं मी स्क्रीनवर येऊच दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहाला तीच माणसं बसली असताना मी मामांची माफी मागितली. आरोप चारचौघांत केला होता, तर माफी एकांतात मागून चालणार नव्हतं. मामा म्हणाले, "मशीन नवी हाय भाऊ, शिकन हळूहळू." मशीनला म्हणाले की मला, ते मी विचारलं नाही.

मग काय बदललं

यातून कोडमध्ये चार बदल केले. तुम्ही असा प्रोजेक्ट करत असाल तर हे लिहून घ्या.

पहिला. दोन खाती वेगळी. निरोप पोहोचवण्याचा भरोसा वेगळा, आकड्याचा भरोसा वेगळा. सात नंबर उत्तम पोस्टमन होता, पण त्याचं स्वतःचं पत्र चुकीचं होतं. चारच्या पोस्टमनगिरीवर संशय होता, पण त्याचं पत्र खरं होतं. एका खात्यातला दोष दुसऱ्यात टाकायचा नाही.

दुसरा. फक्त शेजाऱ्याच्या कानावर विसंबायचं नाही. आता गेटवे ठरावीक वेळाने प्रत्येक नोडला कळवतो: तुझी एवढी पॅकेटं मला मिळाली. ती पोचपावती गेटवेच्या चावीने सही केलेली असते, मधल्या नोडला ती खोटी करता येत नाही. यात जास्तीची बॅटरी जाते. म्हणून प्रत्येक पॅकेटला पावती नाही, दिवसातून थोड्याच वेळा.

तिसरा. परतीचा रस्ता. भरोसा ०.४ खाली गेला तर नोडला पूर्ण वाळीत टाकायचं नाही. कारण ज्याला कामच देत नाही, तो चांगला वागून दाखवणार कसा? त्याचा आकडा कायम खालीच राहणार. म्हणून दहातलं एक पॅकेट त्याच्याकडून पाठवून बघायचं. पण इथेही सावध. काही हल्लेखोर नोड थोडे दिवस चांगले वागतात, भरोसा कमावतात, मग गिळतात, मग परत चांगले. त्यासाठी भरोसा पटकन कमी होतो आणि हळूहळू वाढतो असं ठेवलं.

चौथा. किती अनुभवावरून बोलतोय, ते आकड्यासोबत ठेवायचं. दोनपैकी एकदा चांगला वागलेला नोड आणि शंभरपैकी पन्नासदा चांगला वागलेला नोड, दोघांचा भरोसा सूत्राने ०.५ च येतो. पण पहिल्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, आणि दुसऱ्याबद्दल बरंच माहीत आहे. हा फरक स्क्रीनवर दिसायला हवा.

आणि आकड्याच्या खात्यासाठी साधी तपासणी: एकाच वॉलवरचे नोड एकमेकांशी ताडून बघायचे. एकटाच वेगळं बोलत असेल तर तो खोटा असं लगेच ठरवायचं नाही, कारण कधी कधी एकटाच खरा असतो. फोनवर फक्त एवढी सूचना येते: सात नंबरजवळ माती बघा. बघणारा माणूस असतो, कुदळ घेऊन.

आता कुणी विचारेल, एवढं सगळं करण्यापेक्षा लोरा का नाही वापरलं? बरोबर प्रश्न. लांब पल्ल्याचा रेडिओ वापरला तर लहान वावरात प्रत्येक नोड थेट गेटवेशी बोलू शकतो. निरोप हातोहात द्यायची गरजच नाही. आज नव्याने केलं तर मी बहुधा तेच करीन. पण तेव्हाही सातची समस्या तशीच राहते. रस्ता सुरक्षित झाला म्हणून आकडा खरा होत नाही. आणि जिथे मोठं जंगल, डोंगर, धरणाची भिंत, खाण अशी जागा असते, तिथे हातोहात निरोप लागतोच, आणि भरोशाचा प्रश्नही येतोच.

चार नंबर अजून तिथेच आहे, त्याच बांबूला. सातचा सेन्सर बदलला, कड इपॉक्सीने सील केली. त्या वर्षी ताण नीट बसला आणि दोन्ही ओळींना फुलं आली. मामांचं साल पाडव्याला ठरलं, आमच्याकडेच. आता वॉल उघडला की ते मला फोन करून सांगतात, आणि मी ते कोडमध्ये नोंदवतो. सिस्टीममध्ये मामांच्या नोंदीचं वजन सेन्सरपेक्षा जास्त ठेवलंय. बारा वर्षांचे चांगले शेरे आहेत, सूत्रानेच तसं येतं.

तर इंजिनिअरिंगच्या मुलामुलींनो, फायनल इयरला हा विषय घेणार असाल तर सिम्युलेशनमध्ये हल्लेखोर नोड किती पकडले, याचा आलेख सगळेच काढतात. त्याच्या शेजारी अजून एक आलेख काढा: निर्दोष नोड किती वेळा दोषी ठरले. परीक्षकांनी विचारला नाही तरी काढा.

पुढच्या भागात सोलर पॅनल आणि बॅटरीचं गणित घेऊ. तुमच्या वावरात किंवा कॉलेजमध्ये असं काही लावलं असेल तर मला नक्की कळवा. विशेषतः जे बिघडलं ते. भेटूया, रामराम.